वीस शेळ्या, वीस साचे

वाघ-बकरीचा डाव मांडायला सामान फारसे लागत नाही. फरशीवर कोळशाने पाच उभ्या आणि पाच आडव्या रेघा ओढायच्या, त्यांना छेदणारे तिरके फाटे काढायचे, की पंचवीस जागा तयार. चार कोपऱ्यांत चार वाघ बसतात. वीस शेळ्या मात्र हातात ठेवायच्या आणि एकेक करून पटावर उतरवायच्या. वाघाने शेळीवरून पलीकडच्या रिकाम्या जागी उडी मारली की शेळी गेली. शेळ्यांना उडी मारता येत नाही. त्यांनी दाटीवाटी करून वाघांची वाट अडवायची. सगळ्या शेळ्या उतरेपर्यंत पटावरची एकही शेळी हलवायची नाही, हा नियम नवख्याला पहिल्या डावातच महागात पडतो.

वाघ म्हणून चार खडे चालतात, शेळ्या म्हणून वीस चिंचोके. शतकानुशतके लोक असेच खेळत आले आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांसारख्या ठिकाणी कातळात कोरलेले पट आजही दिसतात, सोंगट्या मात्र कुठेच सापडत नाहीत. त्या बहुधा खडे, बिया नाहीतर कवड्या असाव्यात आणि डाव संपला की मातीत मिसळल्या असाव्यात. गावागणिक वाघांची संख्याही बदलते. तमिळनाडूत हाच खेळ ‘आडु पुली आट्टम’ म्हणून त्रिकोणी पटावर खेळतात. तिथे वाघ तीन आणि शेळ्या पंधरा. चार वाघ आणि वीस शेळ्यांचा हिशेब नेपाळच्या ‘बाघचाल’मधला, आणि तिथले कारागीर हा खेळ पितळेत ओतून विकतात. पट पितळेचा, वाघही पितळेचे आणि शेळ्याही.

मग चंद्रपूर-गडचिरोलीत का नको? १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेला, राज्यातला सर्वांत जुना ताडोबा ज्या मुलखात आहे, तिथे वाघाचा खेळ खड्यांवर भागवावा हे काही बरे दिसत नाही. शिवाय हा मुलूख ओतकामाच्या दोन जुन्या परंपरांच्या मधोमध वसलेला आहे. त्यांच्याकडे वळण्याआधी घरच्या टेबलावर काय करता येते ते पाहू.

खेळासाठी बोटाच्या पेराएवढ्या आकृती घरी घडवणे आणि साच्यातून पाडणे हा छंद जगभर पसरलेला आहे. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांनी १८९३ मध्ये पोकळ शिसे-सैनिक बाजारात आणले. त्यांची युक्ती साधी होती. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, कडेने थर धरला की साचा उलटा करून आतला पातळ धातू परत काढून घ्यायचा. धातू कमी लागला आणि सैनिक स्वस्त झाले. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने अशाच खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांचे नियम ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात मांडले. पुढे १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला, १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’, आणि अठ्ठावीस मिलिमीटर उंचीचा योद्धा हे या दुनियेचे जणू मापच ठरून गेले. बाहेरून आलेले असे संच खिशाला जड जातात, त्यामुळे आपल्या सोंगट्या आपणच करणारे सगळीकडे निघाले.

घरी पहिली सोंगटी घडते ती दोन भागांच्या इपॉक्सी पुट्टीतून. परदेशातले छंदी यासाठी निळी आणि पिवळी पट्टी मळून हिरवी होणारी पुट्टी वापरतात. आपल्याकडे नळाची गळती बुजवायला घरोघर आणली जाणारी एम-सील त्याच जातीची. दोन गोळे सारखे घेऊन रंग एक होईपर्यंत मळायचे, हाताला मोजे घालायचे आणि बोट पाण्यात बुडवत बुडवत काम करायचे, नाहीतर पुट्टी कामाला चिकटण्याऐवजी बोटाला चिकटते. आत तांब्याच्या तारेचा सांगाडा हवा. जळालेल्या मोटारीच्या वाइंडिंगमधली तार त्याला उत्तम. हत्यारे म्हणाल तर दाभण, टूथपिक आणि संपलेली बॉलपेनची रिफिल. रिफिलचे टोक दाबले की वाघाचा डोळा उमटतो.

वाघ तसा सोपा. आडवा, लांब, शेपटी अंगाला चिकटलेली, पट्टे दाभणाने ओढलेले. खेळणारा सोंगटीकडे वरून बघतो, म्हणून वाघाची पाठ आणि डोके नीट उतरले पाहिजे. पोटाखाली कितीही बारकावे भरले तरी ते कुणाला दिसणार नाहीत. खरी परीक्षा शेळीची. पहिल्यांदा करणारा तिला हमखास चार पायांवर उभी करतो. शिंगे मागे वळलेली, हनुवटीखाली दाढी, पोटाखालून आरपार दिसणारी मोकळी जागा. शेळी देखणी होते आणि साच्यात जाऊन अडकते. पायांच्या मधल्या पोकळीत साच्याचे रबर शिरते, शिंगांच्या वाकणाखालीही शिरते, आणि सोंगटी बाहेर ओढताना एकतर पाय मोडतो नाहीतर साचा फाटतो.

यावर उपाय म्हणजे शेळीला बसवायचे. पाय पोटाखाली दुमडून, मान किंचित वळवून, रवंथ करत बसलेली शेळी. पोटाखालची पोकळी नाहीशी होते, शिंगे मानेला टेकवली की तीही अडकत नाहीत, आणि बूड सपाट असल्याने सोंगटी पटावर डगमगत नाही. उभीच शेळी हवी असेल तर पायांच्या मध्ये गवताचा झुपका नाहीतर दगड भरावा लागतो. बाजारातल्या बारक्या ओतीव जनावरांकडे नीट पाहिले तर त्यांच्या पोटाखालचे दगड आणि झुडपे कशासाठी असतात ते आता कळेल.

मूळ नग वाळला की साचा. आगपेटीहून जरा मोठा पुठ्ठ्याचा डबा घ्यायचा, त्यात मुलांच्या खेळण्यातली तेलकट माती भरायची आणि शेळी तिच्यात निम्मी बुडवायची. कडेला पेन्सिलीच्या बुडाने तीन-चार खळगे पाडायचे, म्हणजे साच्याचे दोन भाग पुढे एकमेकांत घट्ट बसतात. वरून सिलिकॉन रबर ओतायचे, तेही उंचावरून बारीक धारेने, म्हणजे धारेत बुडबुडे फुटतात. ते घट्ट झाले की उलटे करून माती काढायची, व्हॅसलीनचा हात फिरवायचा आणि दुसरा भाग ओतायचा. व्हॅसलीन विसरले तर दोन्ही भाग एकजीव होतात आणि शेळी आतच राहते. ही चूक सगळेच एकदा करतात. शेवटी ओतायला एक वाट, हवा बाहेर जायला दुसरी. हवेची वाट शिंगांच्या टोकाशी नसेल तर प्रत्येक शेळी बोडकी निघते.

या साच्यातून रेझिनच्या वीस शेळ्या एखाद्या रविवारात पडतात. वीसही सारख्या. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा सारखेपणा नवा नाही. ते मावळेही दोन भागांच्या साच्यातून येतात. कानामागून खांद्यापर्यंत गेलेली बारीक उभी रेघ हा त्या दोन भागांचा सांधा. कारागीर हाताशी वेळ असला तर ती घासतो, नसला तर त्यावर रंग फासतो.

आता जंगलाकडे. गडचिरोलीची पूर्वेची हद्द ओलांडली की बस्तर लागते, आणि तिथल्या कोंडागावातले घडवा कारागीर मेणाच्या साच्याने पितळ ओततात. जयदेव बघेल यांच्यासारख्या कारागिरांनी ही कला देशाबाहेर नेली. चंद्रपूरच्या दक्षिणेला राजुरा-जिवतीच्या पलीकडे तेलंगणाचा आसिफाबाद भाग येतो. तिथल्या उशेगाव आणि केसलागुडा या गावांत वोजारी कारागीर हेच काम करतात. ‘आदिलाबाद डोक्रा’ या नावाने त्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ‘ढोकरा’ हे नाव मूळचे बंगाल-ओडिशाकडच्या ओतकाम करणाऱ्या समाजाचे. पुढे ते सगळ्याच मेणसाच्याच्या कामाला चिकटले. या पट्ट्यात देवांच्या मूर्ती, घंटा, दिवे, दागिने, हत्ती-घोडे सगळे याच रीतीने ओतले जाते.

या कामाला लागणारा बहुतेक ऐवज आजूबाजूलाच मिळतो. मोहोळाचे मेण आणि झाडाची राळ रानातून येते. नदीकाठची बारीक माती, वारुळाची माती, शेण आणि धानाचा कोंडा हे सारे गावातलेच, आणि पूर्व विदर्भासारख्या धानाच्या मुलखात कोंड्याला काय तोटा? बाहेरून आणायचे ते फक्त पितळ, आणि तेही बहुतेक मोडीतले.

आधी माती आणि कोंडा मळून आकृतीचा ढोबळ गाभा करतात आणि वाळवतात. त्यावर बारीक मातीचा हात फिरवून पृष्ठभाग गुळगुळीत करतात. मग मेणाची पाळी. मऊ केलेले मेण पिचकारीसारख्या नळीतून दाबले की शेवयांसारखे लांब, एकसारखे धागे निघतात. हे धागे गाभ्याभोवती शेजारीशेजारी गुंडाळायचे. ढोकरा कामावर जी दोरीसारखी नक्षी दिसते ती कोरलेली नसते, गुंडाळलेली असते. डोळा म्हणजे मेणाची गोळी, दागिना म्हणजे मेणाची वेणी. अंगठ्याच्या पेराएवढ्या शेळीला गाभा लागतच नाही, ती भरीव मेणाचीच करतात; शिंगांसाठी धाग्याचे दोन तुकडे पीळ देऊन बसवले की झाले.

मेणाच्या शेळीवर पहिला लेप अगदी बारीक मातीचा. मेणावरची बोटाची रेघसुद्धा हा लेप उचलतो, आणि ती पितळेत उतरते. पुढचे लेप जाडेभरडे, कोंडा मिसळलेले. भट्टीत हा कोंडा जळून मातीत बारीक भोके राहतात आणि आतली वाफ त्यांतून बाहेर पडते. साच्याला एक वाट सोडलेली असते. बस्तरकडची खुबी अशी की त्या वाटेवरच मातीची वाटी बसवून तिच्यात पितळेचे तुकडे भरतात आणि वाटी मातीनेच बंद करतात. मूस आणि साचा एकाच मडक्यात. भट्टीत ते मडके वाटी खाली राहील असे ठेवतात. मेण पातळ होते, मातीत मुरते, जळून जाते. वितळायला त्याला ६२ ते ६४ अंश सेल्सिअस एवढी ऊब पुरते. पितळ वितळायला मात्र ९०० अंशांच्या वर जावे लागते. ते झाले की नाही हे कारागीर ज्वाळेच्या हिरवट रंगावरून ओळखतो आणि मडके चिमट्याने उलटे करतो. वाटीतले पितळ खाली उतरते आणि मेणाने रिकाम्या केलेल्या जागेत भरते.

थंड झाल्यावर हातोडी. साचा फुटतो आणि शेळी बाहेर येते. वीस शेळ्या हव्यात तर हे सगळे वीसदा.

इथेच सोंगट्यांची आणि ढोकऱ्याची गाठ अडते. खेळाला सारखेपणा हवा असतो. एखाद्या शेळीचे शिंग वाकडे निघाले तर पोरे तिला नाव ठेवतात आणि ‘ती नको, दुसरी उतरव’ म्हणतात. रबरी साच्याला सारखेपणा फुकटात जमतो. मेणाच्या साच्याला तो मुळात येतच नाही, कारण प्रत्येक शेळी स्वतःचा साचा सोबत आणते आणि जन्मताना मोडून टाकते. एकाच हाताने, एकाच दुपारी वळलेल्या वीस शेळ्यांत एखादी जाडी निघतेच आणि एखादीची मान उलट्या बाजूला वळलेली असते.

मधला मार्ग दागिने ओतणाऱ्यांकडे आहे. ते पहिला नग घडवतात, त्याचा रबरी साचा घेतात आणि त्या साच्यातून धातू न पाडता मेण पाडतात. मेणाच्या वीस शेळ्या एका मेणाच्या खोडाला फांद्यांसारख्या जोडायच्या. त्या सगळ्या झाडावर एकच लेप चढवायचा आणि धातू एकदाच ओतायचा. थंड झाल्यावर शेळ्या फळांसारख्या कापून घ्यायच्या आणि कानसीने घासायच्या. मेणाचा साचा मोडतो, पण रबरी साचा शिल्लक राहतो. ज्याला पितळही हवे आणि सारखेपणाही, त्याने हीच वाट धरावी. पण वाघ चारच आहेत. ते हाताने गुंडाळलेल्या धाग्यांचेच व्हावेत. पट्टे फुकटात मिळतात!

पितळ किती लागेल याचा हिशेब आठशे वर्षांहून जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. मराठी वाचकांना हा ग्रंथ त्यात सापडणाऱ्या जुन्या मराठी ओळींमुळे ठाऊक असतो. त्यात मेणाच्या साच्याने मूर्ती ओतण्याची रीत दिली आहे. मेणाला तिथे ‘मधूच्छिष्ट’, म्हणजे मधाचे उष्टे, असा गोड शब्द आहे. राजाचा सल्ला व्यवहारी आहे. आधी मेणाची मूर्ती तोला, मग धातूच्या जातीप्रमाणे तिच्या कितीतरी पट धातू घ्या. त्याच ग्रंथात पुढे राजाने खेळायचे खेळ येतात, आणि त्यांत बुद्धिबळ आहे. ओतकाम आणि पटावरचे खेळ एकाच पोथीत यावेत हा योग सोंगट्या करणाऱ्यांनी आपला शुभशकुन मानायला हरकत नाही.

सोमेश्वराचा हिशेब आजच्या आकड्यांत असा मांडता येतो. मेण पाण्याहून किंचित हलके. पितळ पाण्याच्या साधारण साडेआठपट जड. म्हणजे तीन ग्रॅम मेणाच्या शेळीला सव्वीस-सत्तावीस ग्रॅम पितळ लागते. वीस शेळ्यांचे अर्धा किलोहून जास्त झाले, आणि वाटेत, खोडात अडकणारे पितळ त्याहून वेगळे. संच पिशवीत घालून यात्रेला न्यायचा असेल तर चिंचोके बरे.

धातूचे काम स्वयंपाकघरात करू नये हे इथेच सांगितलेले बरे. पितळेत जस्त असते आणि जस्त ९०७ अंशांना उकळते, म्हणजे पितळ वितळते त्याच्या आसपासच. भट्टीवर जो पांढरा धूर दिसतो तो जस्ताचा. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. शिसे ३२७ अंशांना वितळते म्हणून सोपे वाटते, पण ते विषारी आहे आणि मुलांच्या हातातल्या सोंगटीत तर नकोच. कथील २३२ अंशांना वितळते. उष्णता सोसणारे रबर मिळाले तर घरगुती ओतकामाला शिसे नसलेला कथिलाचा मिश्रधातू बरा. आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्यात धातू ओतायचा तर साचा आधी पूर्ण कोरडा करायचा. आत थोडाही ओलावा राहिला तर त्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळून बाहेर येतो. अंगणात, सुती कपड्यांत, डोळ्यांवर चष्मा लावून, पाणी दूर ठेवून. जुने ओतारी भट्टीजवळ पोरे येऊ देत नसत ते उगाच नाही.

जनावरे ओतून त्यांच्याशी खेळायची हौस महाराष्ट्राला नवी नाही. अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तिथे एका शेतकऱ्याला चार ओतीव आकृती सापडल्या: बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा सारथी, रेडा, हत्ती आणि गेंडा. चारी मिळून वजन साठ किलोहून जास्त, त्यामुळे त्यांना सोंगट्या म्हणता येणार नाही. पण रेडा आणि गेंडा चाकांवर उभे आहेत. पायाखाली चौकट आणि चौकटीला चाके.

विदर्भातल्या माणसाला ही चाके पाहून दुसरे काही आठवायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि पोरे लाकडी बैल दोरीने ओढत निघतात. बैलाच्या पायाखाली तशीच चौकट आणि तशीच चार चाके. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये तान्हा पोळा सुरू केला असे सांगतात. दायमाबादचा रेडा त्याच्या हजारो वर्षे आधीचा. दोघांचा थेट संबंध जोडण्याचा मोह टाळावा, पण जनावराला चाके लावणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते ओढणारे कुणीतरी असणारच.

भट्टी पेटवायची नसेल, रेझिनचा वासही नको असेल, तर माती आहेच, आणि त्यासाठी चंद्रपूरकरांना लांब जायला नको. भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभा केलेला ग्रामोदय संघ मातीकामासाठी ओळखला जातो. प्लास्टरचा साचा मातीसाठी फार कामाचा. प्लास्टर पाणी शोषते, म्हणून दाबून भरलेली माती कडेने आवळते आणि सोंगटी सहज सुटून येते. इथे व्हॅसलीन नको, धूर नको. भाजल्यावर माती थोडी आणखी आटते, तेवढा नग सुरुवातीला मोठा करायचा. भाजलेल्या मातीची बसकी शेळी पटावर ठेवताना जो टक् असा आवाज येतो तो रेझिनच्या शेळीला कधी येत नाही, आणि खेळणाऱ्यांना हे आवाज महत्त्वाचे असतात.

संगणकशास्त्रज्ञांनी नेपाळी वाघ-बकरीचा पूर्ण हिशेब मांडून पाहिला आहे. दोन्ही बाजूंनी चूक केली नाही तर डाव बरोबरीत सुटतो, असा त्यांचा निष्कर्ष. पारावर बसलेल्यांना त्याने काही फरक पडत नाही, कारण तिथे चूक होतेच. पाच शेळ्या मारल्या की वाघ जिंकतो. मेलेल्या शेळ्या बाजूला ठेवायच्या, आणि त्याच शेळ्या सर्वांत आधी हरवतात; कुणाच्या खिशात जातात, एखादी फटीत पडते, एखादी कोंबडी उचलते. मग एकोणीस पितळी शेळ्या आणि विसावा चिंचोका, असा डाव सुरू होतो. चिंचोक्यालाही वाघ तितकाच मारतो.